मेलेल्या तारेतला करंट

१

एमस हॉबर्ट मेला होता, पण खाली पडला नव्हता. कमरेच्या पट्ट्याने त्याला खांबाला धरून ठेवलं होतं, आणि डोंगरावरून सुटलेला वारा त्याला हलवत होता. खाली जुनिपर गल्लीच्या वळणावर चार माणसं उभी होती. वर बघायची कुणाची छाती होत नव्हती, आणि नजर काढून घेणंही जमत नव्हतं.

नेल क्विस्टला बघणं भाग होतं. ती काउंटीच्या कॉरोनरची मदतनीस. संशयास्पद मरणांची चौकशी हेच तिचं पोट भरायचं काम. पण एमस तिच्या वडिलांचा जुना सोबती. दोघांनी वीज कंपनीत उभी हयात खांबांवर काढली होती. लहानपणी नेल त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघायची. आता त्याच खांद्याजवळचं जळकं भोक तिला खालून दिसत होतं.

"ही तार मेलेली होती, नेल," कंपनीचा इथला मुख्य माणूस यारबरो म्हणाला. त्याचे ओठ पांढरे पडले होते. "वाऱ्याचा इशारा आला म्हणून काल मी स्वतः बंद केली. गल्लीच्या दोन्ही टोकांना खटका उघडा आहे, म्हणजे तार तिथेच तुटलेली. कुलूप माझं, किल्ली माझ्या खिशात."

"मेलेल्या तारेने माणूस मरतो होय रे?" मागून आवाज आला. मेयर लोवेल ट्रेडवे. त्याचं घर दहा पावलांवर. अंगावर घरातला स्वेटर, डोळे लाल. "आधी माझी बायको जाळलीत. आता हा. अजून किती?"

यारबरोने टोपी हातात घेतली. त्या आगीबद्दल केल्सो गॅप या गावात कंपनीच्या माणसाने बोलायचंच नसतं. काही वर्षांपूर्वी वाऱ्यात कंपनीची एक तार तुटून गवतात पडली आणि अर्धं गाव राख झालं. मेयरची बायको गेली. नेलच्या वडिलांची फुप्फुसं धुराने कायमची गेली. तेव्हापासून वारा सुटला की कंपनी वीजच तोडते. वीज असली की गावाला आगीची भीती, नसली की अंधाराची. अशी भिऊन भिऊन माणसं म्हातारी झाली.

मग गावाने ठरवलं, ही कंपनीच नको. खांब, तारा, सगळं सक्तीने विकत घ्यायचं आणि नगरपालिकेनेच वीज चालवायची. पुढल्या आठवड्यात कोर्टात सुनावणी होती. एमस नगरपालिकेच्या, म्हणजे शहराच्या नव्या वीज खात्याचा प्रमुख व्हायचा होता. तार अजून कंपनीची, तेव्हा न्यायाधीशांनी शहराला फक्त पाहणीची परवानगी दिली होती. ती पाहणी करायलाच तो सकाळी खांबावर चढला होता.

नेल वळणाच्या अलीकडच्या खांबापाशी गेली. मेयरच्या कुंपणाला लागून तो खांब. तिथे वरच्या तारेला एमसच्या अर्थिंगच्या केबलचा चिमटा घट्ट बसलेला होता. केबल खाली लोंबत होती. तिचं दुसरं टोक जमिनीत ठोकलेल्या सळईला असायला हवं होतं. ते गवतात पडलं होतं.

तिच्या मानेवर काटा आला. लाईनमन आधी जमिनीकडचा चिमटा लावतो, मग तारेकडचा. काढताना बरोब्बर उलट: आधी तारेकडचा, जमिनीकडचा सगळ्यात शेवटी. मग तारेत कुठूनही चोरून करंट आला तरी तो जमिनीत जातो, माणसात नाही. जेवणाआधी हात धुवावेत तसं हे नेलच्या घरात शिकवलं गेलं होतं. एमसने झोपेतसुद्धा हे उलटं केलं नसतं.

तो वळणापलीकडे खांबावर होता. इथे खाली कुणीतरी शांतपणे येऊन त्याचा जीव सोडवून गवतात टाकला होता.

२

गल्लीच्या दोन्ही टोकांना खटका खरंच उघडा होता. खालून पातं आभाळात उभं दिसत होतं. कुलपावर कालपासून उडालेल्या धुळीचा थर तसाच होता.

"बघ, मी खोटं बोलत नाही," यारबरो म्हणाला.

"तुम्ही खोटं बोलता असं मी म्हटलंय का? आधीच का घाबरताय?"

"का घाबरू नको? गावाला फाशी द्यायला माणूस हवाय, आणि माझ्या टोपीवर कंपनीचं नाव आहे!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. आतापर्यंत रस्त्यात माणसं जमू लागली होती. कुणी आवाज चढवत नव्हतं, आणि तेच नेलला जास्त भीतीदायक वाटलं.

ती खटक्याच्या बाहेर, मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात गेली, चर्चमध्ये गेली, डेंटिस्टकडे गेली, दुसऱ्या टोकाच्या खटक्यापलीकडच्या घरांतही विचारून आली. सकाळी क्षणभर तरी वीज आली होती का? सगळीकडे एकच उत्तर: छे, कसली वीज! मग ती गल्लीत झेल्मा बर्डसाँगच्या दारात गेली. झेल्मा म्हणजे गल्लीतली सगळ्यात म्हातारी बाई. मेणबत्त्यांवर आणि बायबलवर तिचं भागायचं.

"आली होती की!" झेल्मा म्हणाली. "रेडिओ एकदम केवढ्यांदा ओरडला! मी तर दचकून चहा सांडला, पोरी. थोडा वेळ चालला, मग बंद. कंपनीने सोडला असणार करंट, दुसरं कोण?"

नेलने कंपनीच्या बाजूचे दरवाजे मनातल्या मनात लावून टाकले. एका खटक्यापलीकडे वीज नव्हती, दुसऱ्यापलीकडेही नव्हती, आणि मधल्या या गल्लीत मात्र होती. म्हणजे करंट बाहेरून आत आलाच नव्हता. तो गल्लीतच जन्मला होता.

कसा, ते इथलं कुणीही सांगेल. वीज गेली की लोक घरचा जनरेटर लावतात. जनरेटर आणि गल्लीची तार यांच्यामध्ये चेंजओव्हरचा दांडा असतो. तो जनरेटरकडे टाकला की घर तारेपासून तुटतं. टाकला नाही, की घरचा करंट उलटा बाहेर पडतो, ट्रान्सफॉर्मरमधून चढतो, आणि मेलेल्या तारेत प्राण येतात. दर हिवाळ्याआधी फायर स्टेशनच्या सभेत हे गावाला समजावलं जायचं. समजावणारा असायचा हार्लन क्विस्ट, नेलचा बाप.

आणि कापलेल्या त्या तुकड्यावर घरं तीनच होती. झेल्माचं. मेयरचं. आणि डॅडचं.

"एक सांगू का?" झेल्माने आवाज खाली आणला. "तुला वाईट वाटेल. काल एमस तुझ्या डॅडकडे आला होता. भांडण झालं. तुझा डॅड ओरडत होता गं, मी अंगणातून ऐकलं. 'तू माझा जीव घेणार आहेस, एमस!' असं म्हणाला."

३

हार्लन खिडकीपाशी बसला होता. नाकात नळी, शेजारी सिलिंडर. विजेवरचं मोठं ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात गप्प होतं. वीज असली की ते चालायचं, नसली की सिलिंडर. आणि सिलिंडर संपत आले की बापलेक दोघं एकमेकांकडे न बघता बोलायची.

"उतरवला का त्याला?" त्याने विचारलं.

"उतरवला. डॅड, सकाळी काय झालं?"

"मशीन सुरू झालं. आपोआप." तो थांबला, श्वास घेतला. "मी हसलो गं. मला वाटलं, आली वीज. नळी बदलली. छान, थंड हवा आली. मग बंद पडलं." त्याने तोंडावर हात धरला. "त्याच करंटने ना? मी तोच करंट श्वासात घेत होतो, आणि तो तिकडे..."

नेलला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. पण ती मागच्या दाराने शेडकडे गेली. आपल्याच बापाच्या शेडचं दार उघडताना तिला लाज वाटली. जुना जनरेटर कोपऱ्यात होता. तिने त्यावर तळवा टेकवला. गार. टाकीचं झाकण काढून वास घेतला. कोरडी ठणठणीत, आत गंजाशिवाय काही नाही. ती भिंतीला टेकून जरा वेळ तशीच उभी राहिली.

परत आली तेव्हा हार्लन तिच्याकडे बघत होता. "झाली खात्री?"

"डॅड..."

"बरं केलंस. मी तुझ्या जागी असतो तर हेच केलं असतं. आता काय ऐकलंस ते विचार."

"एमस तुझा जीव घेणार होता म्हणजे काय?"

"शहराने वचन दिलंय ना, तारा हातात आल्या की ऑक्सिजनवाल्या घरांना पहिली जमिनीखालून केबल. वारा असो नसो. मी त्यावरच जगतोय, नेल. आणि काल हा येऊन कॉफी पितापिता म्हणतो, हार्लन, ते होणार नाही."

"का?"

"तार मोजत मोजत तो चालत गेला होता. ही आपली तार गावाच्या हद्दीबाहेर जाते, कड्यामागच्या वस्तीला वीज देते, आणि तीच परत आत येऊन गावाचा पाण्याचा पंप चालवते. मध्ये कायमची कुठेच तोडता येत नाही. आणि कायदा काय म्हणतो ठाऊक आहे? शहराला हद्दीतलं घेता येतं. ज्या तारेवर बाहेरची माणसं जगतात, तिला वीज आयोगाच्या परवानगीशिवाय हात लावायचा नाही. त्यांनी आपल्याला मत दिलेलं नाही, मग त्यांचे दिवे आपल्या हातात कसे? आयोगाकडे जायचं म्हणजे वर्षं. तेवढी वर्षं माझ्याकडे आहेत का?"

"आणि एमस हे कोर्टात सांगणार होता."

"म्हणाला, शपथेवर विचारलं तर सांगावंच लागेल. सकाळी वर चढून शेवटचं एकदा बघतो, म्हणाला. मी ओरडलो. वाट्टेल ते बोललो त्याला." म्हाताऱ्याने टेबलावरच्या कपाकडे बोट केलं. "तो कप धुऊन ठेवून गेला."

"हे त्याने आणखी कुणाला सांगितलं?"

"इथून तो ट्रेडवेकडे गेला. म्हणाला, मेयरला आधी कळायला हवं."

४

ट्रेडवेने दार उघडलं, तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि कॉफी ओतली. घरात दिवे लागलेले होते. गॅरेजमधून जनरेटरची घरघर येत होती. भिंतीवर बायकोचा फोटो, खाली सुकलेली फुलं. वाऱ्याने खिडकीची काच सारखी कुरकुरत होती. फोन दुपारपासून मेले होते, आणि ट्रेडवेने दार नुसतं लोटलं नाही, कडी लावली, हे नेलच्या लक्षात आलं.

"एमस काल तुमच्याकडे आला होता?"

"आला होता की. कागद दाखवले, कोर्टाचं बोललो. चांगला माणूस." त्याने डोळे पुसले. डोळे खरंच ओले होते. "नेल, आता हे वाया जाऊ द्यायचं नाही. कंपनी म्हणते, आमच्याइतकी सुरक्षित वीज शहराला चालवता येणार नाही. आणि त्यांनीच न सांगता तारेत करंट सोडून माणूस मारला! कोणता आयोग, कोणता न्यायाधीश आता त्यांच्या बाजूने बोलेल?"

"करंट कंपनीनेच सोडला, याला आधार काय?"

"आधार? तीन घरं आहेत! झेल्माचा रेडिओ वाजला. तुझ्या डॅडचं मशीन चाललं, झेल्माने सांगितलं मला. आणि माझ्याकडे तर दिवे असे भगभगले की मी उठून उभा राहिलो. मी स्वतः साक्ष देईन."

"तुमचा जनरेटर तेव्हा बंद होता का?"

"छे! पहाटेपासून चालूच आहे. आणि चेंजओव्हरचा दांडा जनरेटरकडे, तुझ्या डॅडने शिकवला तसा. तिकडे चूक शोधू नकोस, सापडायची नाही."

नेलने कप तोंडाला लावला आणि तो तिथेच राहिला. आता उठावं, कॉफी छान होती म्हणावं, कडी काढावी आणि गाडीपर्यंत सरळ चालत जावं. तिने कप खाली ठेवला. बशी वाजली.

"काय झालं?" ट्रेडवे म्हणाला. "चेहरा का उतरला तुझा?"

"काही नाही. दमले आहे."

"नेल. तुला लहानपणापासून ओळखतो मी. तुला कधी खोटं बोलता आलं नाही." तो तिच्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभा राहिला. "बोल."

मग ती बोलली. गप्प राहणं जास्त भयंकर वाटलं म्हणून बोलली. "दांडा जनरेटरकडे असेल तर तुमचं घर गल्लीच्या तारेपासून तुटलेलं असतं, लोवेल. तारेत करंट येवो नाहीतर वीज कोसळो, तुमच्या दिव्यांना त्याचा पत्ता लागत नाही. दांडा असतो तो त्यासाठीच. तुमचे दिवे भगभगले नाहीत. आणि भगभगले असतील, तर दांडा तारेकडे होता. दोन्हींपैकी काहीही खरं असलं तरी तुम्ही आत्ता खोटं बोललात."

ट्रेडवेने पाठ दाराला टेकवली.

"झेल्माने आणि डॅडने वीज आल्याचं सांगितलं. तुम्हाला तिसरा साक्षीदार व्हायचं होतं. गप्प बसला असतात तर मला तीन घरांपुढे जाता आलं नसतं. झेल्माकडे जनरेटर नाही. डॅडच्या टाकीत गंज आहे. दोन्ही खटके उघडे आहेत. अर्थिंगचा चिमटा तुमच्या कुंपणाशी सुटला. आणि एमस कोर्टात काय सांगणार, हे काल तुम्हाला कळलं होतं."

ट्रेडवेने बायकोच्या फोटोकडे बघितलं.

"तो शीळ घालत होता," ट्रेडवे अखेर म्हणाला. "चिमटा काढताना मला ऐकू येत होती. वाऱ्यातसुद्धा. मग मी गॅरेजमध्ये गेलो. दांडा तारेकडे टाकला. परत बाहेर आलो तेव्हा शीळ नव्हती." तो खुर्चीत बसला, वाटेतून बाजूला झाला. "जा. मी तुला हात लावणार नाही. लावायची गरजच नाही मला. तू गाडीत बस आणि विचार कर. हे मी केलं असं लिहिलंस, की शहर संपलं. मेयरच खुनी! तार आपल्याला कुणी देणार नाही, आज नाही, दहा वर्षांत नाही. कंपनीने केलं असं लिहिलंस, तर तुझ्या डॅडच्या दारात पहिली केबल येईल. एमस काही परत येत नाही. तुझ्या बापाचा श्वास कोणाच्या हातात ठेवायचा, ते तू ठरव."

५

तिने गाडी सुरू केली, बंद केली, पुन्हा सुरू केली. तिला ट्रेडवेची भीती वाटत नव्हती आता. तिला स्वतःची वाटत होती, कारण तो बोलत असताना तिने मनात एकदा "हो" म्हटलं होतं.

डॅडला तिने सगळं सांगितलं. तोही भाग सांगितला.

हार्लन ऐकत राहिला. "म्हणजे माझ्यासाठी," तो म्हणाला. "सगळं माझ्यासाठीच चाललंय जणू. एमसला मारलं तेही, तू गप्प बसलीस तर तेही."

"डॅड, तू सांग मी काय करू."

"मला विचारायला आलीस तेव्हाच तुला ठाऊक होतं, नाहीतर लपवलं असतंस." त्याने नळी नीट केली. "शेरीफच्या माणसाला बोलाव. आणि कोर्टात कड्यामागच्या वस्तीचं मी सांगतो. एमसचं राहिलेलं कुणीतरी बोलायला हवं."

तो बोलला. दर दोन वाक्यांना थांबत, सिलिंडर शेजारी ठेवून, ज्या खटल्यावर त्याचा श्वास टांगलेला होता त्या खटल्याविरुद्ध बोलला. ट्रेडवेला बेड्या पडल्या होत्या. न्यायाधीशबाईंनी ऐकून घेतलं आणि शहराचा अर्ज परत पाठवला: हद्दीबाहेरच्या माणसांचे दिवे ज्या तारेवर आहेत, ती शहराला अशी ओढून घेता येणार नाही, आधी आयोगाकडे जा. कायदा बरोबर होता. नेलला त्याचा इतका राग आला की ती कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून रडली.

गावाने तिच्याशी बोलणं टाकलं. झेल्मा चर्चमध्ये दुसऱ्या बाकावर जाऊन बसायला लागली. यारबरोने मात्र वाटेत थांबून हात पुढे केला, तेव्हा नेलने तो घेतला नाही.

पुढल्या वाऱ्याचा इशारा आला, आणि कंपनीने वीज तोडली. वारा पडला तरी वीज लगेच येत नाही. आधी माणसं एकेक खांब बघत जातात, कुठे फांदी अडकली आहे का, कुठे तार सैल आहे का, तोवर तार मेलेलीच ठेवतात. हार्लन शेवटच्या सिलिंडरवर होता. नवे सिलिंडर घेऊन निघालेली गाडी पडलेल्या झाडामागे अडकली होती. हार्लनने सिलिंडरची कळ थोडी बारीक केली. नेल त्याच्या ओठांचा रंग बघत होती. तो निळसर होत चालला होता.

खिडकीतून वळणावरचा खांब दिसत होता. एक लाईनमन त्यावर चढत होता.

"मी यारबरोला फोन करते," नेल उठत म्हणाली. "त्याला सांगते, सोड वीज. आत्ता सोड. ह्या गल्लीत काही अडकलेलं नाही, मला दिसतंय इथून. तो सोडेल, डॅड, तो माझं देणं लागतो!"

हार्लनने तिचं मनगट धरलं. त्याच्या बोटांत जोर नव्हता, तरी ती थांबली.

"वर माणूस आहे," तो म्हणाला.

"पण तू..."

"अगं, वर माणूस आहे, नेल. तो खाली येऊ दे."

ती बसली. त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन ती खिडकीबाहेर बघत राहिली. तो लाईनमन घाई करत नव्हता. एकेक चिमटा हलवून बघत होता, तारेवर हात फिरवत होता, आणि शेजारी तिच्या बापाचा श्वास आखूड होत चालला होता. "उतर रे," ती पुटपुटली, "उतर ना लवकर," आणि तरी तिने फोनला हात लावला नाही.